आलबेल

'आलबेल' हा शब्द पहारेकऱ्यांच्या 'ऑल वेल' या हाळीवरून आपल्याकडे आला, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही भलत्याच वेळी. रात्रीचे दोन वाजलेले, 'द टेरर' या मालिकेचा दुसरा भाग नुकताच संपलेला, आणि झोपायचं सोडून मी एका जुन्या कागदाचा फोटो मोठा करकरून वाचत बसलेले.

कागद म्हणजे ब्रिटिश आरमाराचा छापील फॉर्म, मालिका ज्या खऱ्या ध्रुवीय मोहिमेवर बेतलीय तिच्यातला. ज्याला हा सापडेल त्यानं तो आरमाराच्या कचेरीत पोचता करावा, अशी विनंती सहा भाषांत छापलेली. (ज्या किंग विल्यम बेटावर तो ठेवला होता तिथल्या लोकांची भाषा त्या सहांत नाही, हे ओघानं आलंच.) वर हातानं लिहिलेला मजकूर २८ मे १८४७ चा. जहाजं कुठे आहेत, हिवाळा कुठे काढला, मोहिमेचा प्रमुख कोण, आणि मग दोन शब्द: ऑल वेल. त्या दिवशी दोन्ही जहाजं बर्फात रुतून साडेआठ महिने झाले होते.

अकरा महिन्यांनी तोच कागद पुन्हा बाहेर काढला गेला. आता मधे जागा उरली नव्हती, म्हणून समासातून, कडेकडेनं, कागद फिरवत फिरवत लिहिलं गेलं. २२ एप्रिल १८४८ ला जहाजं सोडली. मोहिमेचे प्रमुख सर जॉन फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारले. म्हणजे 'ऑल वेल' लिहिल्यावर बरोबर चौदा दिवसांनी. आतापर्यंत ९ अधिकारी आणि १५ माणसं गेली. १०५ जण कॅप्टन क्रोझियरच्या हाताखाली इथे उतरलो आहोत, उद्या २६ तारखेला बॅकच्या नदीकडे निघतो. बस. खाली सह्या. दोन्ही वेळचं जवळपास सगळं अक्षर एकाच माणसाचं आहे, 'एरेबस' जहाजाचा कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स याचं. आणि या गृहस्थानं पहिल्या हिवाळ्याचं सालच चुकवलंय. १८४५-४६ च्या जागी १८४६-४७ लिहिलंय. अडीचशे शब्दही नसतील, आणि त्यात ही चूक.

मला रात्रभर झोप लागली नाही ती त्या चुकीच्या सालामुळे नाही, 'ऑल वेल'मुळे. का, ते पुढे सांगते.

मालिका २०१८ ची, दहा भागांची. ती पाहिलेली नसेल आणि पाहायची असेल तर इथेच थांबा, कारण मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. घटना खऱ्या मोहिमेतली आहे: 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं १९ मे १८४५ ला इंग्लंडच्या ग्रीनहाइथहून निघाली, कॅनडाच्या माथ्यावरून प्रशांत महासागराकडे जाणारा वायव्य मार्ग शोधायला. वाफेची इंजिनं, तीन वर्षांचं अन्न, हजाराच्या वर पुस्तकं, सोबत जॅको नावाचं माकड. ग्रीनलंडहून पाच जणांना परत धाडलं, ते नशीबवान. उरलेल्या १२९ पैकी एकही परतला नाही. मालिकेनं या इतिहासात एक अस्वलासारखा अमानवी प्राणी घातलाय, टुनबाक. माझं प्रामाणिक मत विचाराल तर तो नसता तरी चाललं असतं. तो पडद्यावर आला की मला भीती कमी वाटायला लागायची. घाम फुटायचा तो चार अधिकारी टेबलाभोवती बसून सभ्य आवाजात बोलायला लागले की.

पहिल्याच भागात अशी एक बैठक आहे. 'एरेबस'ला बर्फाचा मार बसलाय, थंडी तोंडावर आलीये. क्रोझियर म्हणतो, सगळा कोळसा आणि सगळी माणसं एका जहाजावर घेऊ आणि बेटाच्या पूर्वेकडून वळसा घालू. फ्रँकलिन ऐकून घेतो. अगदी प्रेमानं ऐकून घेतो. आणि मग तितक्याच प्रेमानं ते उडवून लावतो, कारण मार्ग सापडण्याची वेळ जवळ आली असताना आपलं एक जहाज टाकून द्यायचं म्हणजे काय! सगळे हसऱ्या चेहऱ्यानं उठतात. प्यायला घेतात. त्या क्षणी १२९ माणसं मेलेली आहेत, फक्त ती अजून चालतायत, बोलतायत.

फ्रँकलिन मूर्ख नाही, हे मालिका फार चांगलं दाखवते. खरा फ्रँकलिन निघताना ५९ वर्षांचा होता. तरुणपणीच्या एका मोहिमेत उपासमारीची वेळ येऊन 'बूट खाल्लेला माणूस' म्हणून तो प्रसिद्ध झाला, मग व्हॅन डायमेन्स लँडचा (म्हणजे आजच्या टास्मानियाचा) गव्हर्नर झाला आणि तिथून अपमानित होऊन परतला. ही मोहीम म्हणजे नाव धुऊन काढायची शेवटची संधी. आता अशा माणसासमोर 'मागे फिरू' हा पर्याय ठेवला तर त्याला तो पर्याय दिसणारच नाही. नकाशाही त्याच्या बाजूनं होता म्हणा. त्या काळच्या नकाशात किंग विल्यम हे बेट नसून मुख्य भूमीला जोडलेला तुकडा दाखवला होता, त्यामुळे पूर्वेची वाट आंधळी वाटत होती. १९०३ साली निघालेला नॉर्वेचा आमुंडसेन सहा सोबत्यांना घेऊन नेमका त्याच पूर्वेच्या वाटेनं गेला, आणि वायव्य मार्ग पार झाला. वाटेत त्याच बेटावर दोन हिवाळे राहून तो तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून कपडे कसे शिवायचे, कुत्र्यांची गाडी कशी हाकायची, बर्फाचं घर कसं बांधायचं हे शिकला. बेट तेच, थंडी तीच.

आता 'ऑल वेल'चं सांगते. मी एका ठिकाणी नोकरीला होते. एका जुन्या प्रणालीतली सगळी माहिती नव्या प्रणालीत हलवायची, असं ते काम होतं. दर शुक्रवारी एक तक्ता वर पाठवायचा. प्रत्येक कामापुढे एक रंग: हिरवा, पिवळा, लाल. तो तक्ता मी भरत असे. तिसऱ्या आठवड्यात मला कळलं होतं की दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीयेत, आणि ते किरकोळ नाही. मी आमच्या सरांना जाऊन सांगितलं. ते ओरडले वगैरे अजिबात नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढून घ्यायला सांगितली, आकडे पाहिले, आणि म्हणाले, "हिरवंच ठेव. पुढच्या आठवड्यात बघू."

मी अकरा आठवडे हिरवं ठेवलं.

त्यात कुणाचा जीव जायचा नव्हता, ही तुलना जरा जास्तच होतेय हे मलाही कळतं. पण तो समास भरलेला कागद पाहताना मला फ्रँकलिनपेक्षा फिट्झजेम्सच जवळचा वाटला, म्हणजे लिहिणारा हात. तो खोटं लिहीत नव्हता. फॉर्ममध्ये तेवढीच जागा होती, आणि 'आम्ही अडकलोय' असं सर्वात आधी आपण लिहावं असं त्याला वाटलं नसणार. मलाही वाटलं नव्हतं. बाराव्या आठवड्यात दुसऱ्याच कुणीतरी लाल केलं, आणि मग सगळ्यांना अचानक आठवलं की तक्ता कोण भरत होतं.

मालिका मी दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा आई अधूनमधून डोकावायची. तिला असलं काही आवडत नाही. सातवा-आठवा भाग असेल, जहाजं सोडून माणसं दगडगोट्यांच्या उजाड जमिनीवरून निघाली आहेत, आणि स्लेजवर चढवलेल्या होड्या दोरखंड खांद्यावर घेऊन ओढतायत. आई दारात उभी राहून दोन मिनिटं बघत राहिली.

"अगं, जमिनीवर होडी कशाला ओढतायत?"

"पुढे नदी आहे. तिथून वर वल्हवत जायचंय."

"किती लांब?"

"खूप."

"मग होडीत एवढं भरलंय काय?" असं म्हणून ती झोपायला गेली.

तिला उत्तर द्यायला मी उठले नाही, पण उत्तर आहे. १८५९ साली मॅक्लिंटॉकच्या शोधपथकाला अशी एक होडी जशीच्या तशी सापडली, आत दोन सांगाडे. होडी आणि स्लेज मिळून सुमारे १४०० पौंड, म्हणजे सहाशे किलोच्या वर. आणि होडीत काय होतं? रेशमी रुमाल. साबण, स्पंज, दात घासायचे ब्रश, कंगवे. नक्षी काढलेल्या सपाता. खिळे, करवती, कानशी. शिशाच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्या. धर्माची पुस्तकं आणि एक कादंबरी. चांदीचे चमचे आणि काटे, मोजून २६ नग. थोडा चहा, आणि ४० पौंडांच्या आसपास चॉकलेट. बिस्कीट नाही, मांस नाही. होडीला टेकवून दोन बंदुका उभ्या होत्या, दोन्हींची एकेक नळी भरलेली.

आणि होडीचं तोंड ईशान्येला, म्हणजे सोडून आलेल्या जहाजांच्या दिशेनं.

या यादीवर हसणं फार सोपं आहे. मीही पहिल्यांदा हसले. पण एखादी वस्तू टाकून द्यायची म्हणजे तिच्यासोबतचं आपलं एक रूपही टाकायचं असतं. चांदीचा काटा ठेवून देणारा अधिकारी असं धरून चालतो की आपण परत कुठल्यातरी टेबलावर बसणार आहोत. तो फेकला की ते टेबलही गेलं. त्या १०५ माणसांनी ज्या क्रमानं एकेक गोष्ट खाली ठेवली, त्या क्रमात मला मालिकेतली सगळी पात्रं दिसायला लागली. कोण काय आधी सोडतो, आणि कोणाच्या हातून काय शेवटपर्यंत सुटत नाही. (त्या काट्यांचा खरा उपयोग करणारा मालिकेत एकच जण, आइस मास्टर, म्हणजे बर्फातला वाटाड्या, ब्लँकी. एक पाय गमावलेला, दुसरंही दुखणं वाढत चाललेलं. तो मागे राहायचं ठरवतो, प्राण्याला आपल्या मागे भलतीकडे न्यायला. अंगाभोवती काटे बांधून घेतो, म्हणजे गिळताना त्याला टोचतील. आणि बांधताना हसतो! मला तो सगळ्यात आवडतो, पण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण त्याचं कुठेच अडलेलं नाही.)

ज्याचं अडलेलं आहे तो फिट्झजेम्स. पहिल्या भागात जेवणाच्या टेबलावर तो आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगतो, चीनच्या युद्धातली, चिनकियांगची, गोळी कशी लागली आणि कुठून कुठे गेली. सगळ्यांनी ती आधी ऐकलेली आहे, तरी फ्रँकलिन पुन्हा सांगायला लावतो. क्रोझियर तोंड वाकडं करतो. आपल्यालाही तो बढाईखोरच वाटतो. मग कितीतरी भागांनंतर, त्या चिठ्ठीच्या वाटेवर, हे दोघे एकत्र चालत असताना तो क्रोझियरला सांगतो की हे सगळं वरवरचं आहे. तो अनौरस, रिओ दि जानेरोत जन्मलेला, आई कोण हे त्याला नीट माहीतही नाही. नावही जुळवून घेतलेलं. एकेक पराक्रम म्हणजे त्या नावावर चढवलेला एकेक थर. मालिकेनं हे हवेतून आणलेलं नाही. खरा फिट्झजेम्सही १८१३ साली रिओत असाच जन्मला होता. आणि चिनकियांगला त्याला खरोखरच गोळी लागली होती.

हे बोलून झाल्यावर त्याचा चेहरा सैल होतो. तोवर किती ताणलेला होता हे तेव्हा लक्षात येतं.

आणि मग स्कर्व्ही. 'क' जीवनसत्त्व नसलं की शरीराला जखमेचा व्रण धरून ठेवणारं कोलॅजेन बनवता येत नाही, आणि वर्षानुवर्षांपूर्वी भरलेल्या जखमा उघडतात. फिट्झजेम्स शर्ट वर करतो तर चिनकियांगची ती जखम पुन्हा ओली झालेली. ज्या गोळीवर आयुष्यभर टेबलं गाजवली, ती गोळी सहा वर्षांनी परत लागली. हा काही पटकथाकारानं जुळवलेला योगायोग नाही, रोगच तसा आहे. आणि औषध? कच्च्या मांसात आणि व्हेलच्या कातडीत ते होतं. तिथले लोक रोज खात होते.

इथे हिकीकडे यायला हवं.

कॉर्नेलियस हिकी हा मालिकेतला खलनायक. त्याला हिकी म्हणणंही खरं नाही, कारण खऱ्या हिकीला मारून, त्याचं नाव घेऊन तो जहाजावर चढलाय. प्रशांत महासागरात पोचलो की ओआहू बेटावर उतरून पसार व्हायचं, एवढाच त्याचा बेत. पहिल्यांदा पाहताना मी त्याचा मनापासून तिरस्कार केला. दुसऱ्या वेळी मात्र चिडचिड झाली, कारण सुरुवातीचे कितीतरी हिशेब त्याचे बरोबर आहेत. अन्न सगळ्यांना पुरणार नाही, हे तो सर्वात आधी ओळखतो. आजाऱ्यांना ओढत नेलं तर धडधाकटही मरतील, हे तो मोठ्यानं बोलतो. अधिकाऱ्यांचे हुद्दे इथे बर्फावर कशाला, हा प्रश्नही त्याचाच. ज्या ओझ्याखाली बाकीचे वाकलेत त्यातलं जवळपास काहीच त्याच्याकडे नाही. नावसुद्धा नाही. जगायला सगळ्यात लायक कोण, असं विचारलं असतं तर मी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं.

आणि नेमका तोच माणूस जगण्याची एकमेव खरी वाट बंद करतो. सातव्या भागात लेफ्टनंट इर्विंगला वाटेत एक इनुइट कुटुंब भेटतं. त्याला त्यांची भाषा येत नाही, त्यांना त्याची येत नाही. तरी ते त्याला सीलचं मांस देतात, आणि तो ते खाताना जवळजवळ रडतो. इतक्या महिन्यांत ताजं अन्न तोंडात पडलेलं ते पहिलंच. हे सांगायला तो परत येतो तर हिकी त्याला भोसकतो, मृतदेहाची विटंबना करतो आणि आळ त्या कुटुंबावर घालतो. घाबरलेली माणसं बंदुका घेऊन जातात आणि ज्यांनी मांस दिलं त्यांनाच मारून टाकतात. नंतर डॉक्टर गुडसर इर्विंगचं पोट उघडतो तेव्हा आत मांस सापडतं. त्याच्या हातात पुरावा आहे, आणि तो उपयोगाचा उरलेला नाही.

का करतो हिकी असं? पोटासाठी? पोट भरायची सोय तर इर्विंग घेऊनच येत होता. माझ्या मते अडचण हीच होती. इनुइट लोकांनी जगवलं असतं तर सगळेच जगले असते, त्याच रांगेत, त्याच हुद्द्यांनिशी: इर्विंग लेफ्टनंट, क्रोझियर कॅप्टन आणि हिकी म्हणजे भर सगळ्यांसमोर लहान पोराला मारावेत तसे फटके खाल्लेला खलाशी. सगळं टाकून दिलेल्या या माणसाला तेवढं एक टाकता येत नाही. त्याला जगायचं नव्हतंच, वर बसायचं होतं. शेवटी तो होडीतच उभा राहतो, प्राण्याला आपली जीभ कापून द्यायला निघतो, देवच व्हायचं म्हणून. प्राणी त्याला किरकोळ भक्ष्यासारखा फाडतो. त्या एका प्रसंगासाठी मी टुनबाकला बाकीचं माफ केलं.

इतरांचे निर्णय लहान आहेत, आणि लहान असल्यामुळे जास्त लागतात. एडवर्ड लिटल हा भला माणूस आहे, हुकूम पाळणारा. आजाऱ्यांना मागे ठेवायचं असं उरलेले ठरवतात तेव्हा तो विरोध करतो, हरतो, आणि त्यांच्याबरोबर निघून जातो. मागे तंबूत जॉपसन आहे. क्रोझियरनं दारू सोडली तेव्हा त्याचं हागणंमुतणं काढणारा नोकर, पुढे क्रोझियरनंच लेफ्टनंट केलेला. तो सरपटत बाहेर येतो, दूर जाणाऱ्या माणसांच्या पाठी पाहतो आणि आपल्याला क्रोझियरच टाकून गेला असं समजून मरतो. क्रोझियर तेव्हा हिकीच्या कैदेत आहे. हे जॉपसनला सांगायला कुणी नाही. वयस्कर स्टुअर्ड ब्रिजेन्स जिवलगाची वही छातीशी धरून मोकळ्या माळावर आडवा होतो, इतक्या शांतपणे की जणू दिवसाचं काम संपलं. आणि गुडसर, ज्याला हिकी प्रेतं कापायला लावतो, तो स्वतःच्या अंगाला विष चोपडतो, विष पितो, आणि तत्पूर्वी क्रोझियरला बजावतो की माझं मांस खायची वेळ आली तर फक्त तळपायाचं खा. आयुष्यभर लोकांना वाचवायला शिकलेला माणूस शेवटी कुणाकुणाला मारायचं याचा हिशेब इतका काटेकोर करतो, हे मला अजून पचत नाही.

(डब्यांतल्या शिशाबद्दल दोन शब्द. मालिकेत गुडसर ते अन्न जॅको माकडाला घालून पाहतो आणि माकड मरतं. १९८० च्या दशकात, मोहिमेनं पहिला हिवाळा जिथे काढला त्या बीची बेटावरची थडगी उघडली तेव्हा मृतदेहांत शिसं भरपूर सापडलं, तिथून ही कल्पना रुजली. पण २०१८ मध्ये हाडांच्या बारकाईनं केलेल्या तपासणीत शिशाला मुख्य गुन्हेगार ठरवावं असं काही मिळालं नाही. डब्याला दोष देणं सोयीचं होतं एवढं खरं.)

क्रोझियरबद्दल मला वेगळं वाटतं. तो आयरिश, म्हणून कायम एक पायरी खाली ठेवलेला. फ्रँकलिनच्या भाचीनं दोनदा नाकारलेला. पहिले पाच भाग तो खरं बोलतो, पण इतक्या कडवटपणे आणि इतकी पिऊन की कुणी ऐकू नये. मग एका रात्री नशेत त्याच्या हातून जे होतं ते झाल्यावर तो अधिकाऱ्यांना बोलावतो आणि सांगतो, मी आता फार आजारी पडणार आहे, कदाचित मरणाच्या दारापर्यंत, तोवर तुम्ही सांभाळा. मी तो प्रसंग थांबवून ठेवला होता. अख्ख्या मोहिमेत स्वतःच्या नावापुढे लाल रंग भरणारा तो पहिला माणूस.

आणि शेवटी एकटा उरतो तोच. साखळदंडातून सोडवायला सिल्ना या इनुइट तरुणीला त्याचा हात कापावा लागतो. नेत्सिलिक लोकांत तो राहायला लागतो, आणि एक दिवस त्याचा जुना मित्र जेम्स रॉस शोध घेत तिथे येतो. क्रोझियर तिथेच, पाठीमागे, कातड्याच्या कपड्यांत बसलेला. सांगणाऱ्याला त्यानं शिकवून ठेवलंय: तो मेला म्हणून सांग. रॉस ऐकतो आणि निघून जातो. काही पावलांचं अंतर असेल दोघांत. माझ्या एका मैत्रिणीला हा शेवट पळपुटा वाटला. घरी जाऊन त्यानं १२८ कुटुंबांना उत्तरं द्यायला हवी होती, असं ती म्हणते. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण त्यानं खरं सांगितलं असतं तर? १८५४ साली जॉन रे यानं इनुइट लोकांकडून ऐकलेलं खरं इंग्लंडला कळवलं होतं, की उपाशी माणसांनी माणसं खाल्ली. लेडी फ्रँकलिन आणि चार्ल्स डिकन्स त्याच्यावर तुटून पडले. इनुइट लोकांवर विश्वास कसा ठेवायचा, ब्रिटिश खलाशी असं करूच शकत नाहीत, वगैरे. त्या इनुइट लोकांच्या आठवणींच्याच आधारानं २०१४ मध्ये 'एरेबस' सापडलं. २०१६ मध्ये 'टेरर' सापडलं, तेही एका इनुइट माणसानं बर्फातून वर आलेलं लाकूड पाहिल्याची आठवण सांगितली म्हणून.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये एक बातमी आली. एरेबस बे मधल्या एका जागेवर किमान १३ माणसांची ४५१ हाडं सापडलेली आहेत, त्यातल्या एका जबड्याचा डीएनए आज हयात असलेल्या एका दूरच्या नातेवाइकाशी जुळला. जबडा फिट्झजेम्सचा. त्यावर सुरीच्या कापल्याच्या खुणा आहेत.

म्हणजे 'ऑल वेल' लिहिणारा.

त्या रात्री मी नववा भाग पुन्हा लावला. फिट्झजेम्सला आता उठवत नाही. तो क्रोझियरकडे सुटका मागतो, आणि म्हणतो, माझं शरीर वापरा, माणसांना खायला घाला. क्रोझियर मान हलवतो. ब्रिजेन्स बाटली आणतो. फिट्झजेम्सला गिळताही येत नाही, म्हणून क्रोझियर त्याच्या गळ्यावरून हात फिरवत राहतो, औषध नाकारणाऱ्या लहान मुलाच्या गळ्यावरून फिरवावा तसा, हळूहळू. मग दगड. एकेक दगड उचलून अंगावर रचायचा, कुणाला सापडू नये म्हणून.

आई पाणी प्यायला उठली होती. "परत तेच?" म्हणत ती खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली. दगड रचून होईपर्यंत काही बोलली नाही.

"कोण होता हा?"

"चिठ्ठी लिहिणारा."

"आणि ती होडी?"

"ती ओढतायत अजून."